ती ठोकळा म्हणाली कोणाला

चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी जे सांगणार आहे त्यात शोभा माझीच झालेली आहे आणि मधेच कोणी हसलं की मला पुढचं सांगवत नाही. दमलेल्या माणसाच्या हातून काय काय गाढवपणा होतो, त्याचं संगमनेरातलं ताजं उदाहरण तुमच्यासमोर बसलंय.

मी दुधाच्या चिलिंग सेंटरवर काम करतो. उजाडायच्या आत गाड्या लागतात. कॅन उतरवून घ्या, फॅट बघा, कोणाचं दूध कमी भरलं म्हणून त्याची बोलणी खा. दुपारी घरी येतो तेव्हा अंगात एवढंच बळ उरलेलं असतं की चपला काढाव्यात आणि भिंतीला टेकून बसावं. जेवण झालं की मी मधल्या खोलीत चटई टाकतो. डोळे मिटतात, पण कान काही लगेच मिटत नाहीत. सगळा घोटाळा या कानांनी केला.

माझी बायको सुनीता, माहेर काष्टीचं. तिची धाकटी बहीण मंगल तिथंच दिलेली. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून आमचं घर फार शांत झालं. सुनीता घरी ब्लाउज शिवते, मी घरी येऊन आडवा होतो. त्यामुळं दुपारी मंगलचा फोन आला की मला बरंच वाटायचं. बायकोला बोलायला कोणीतरी आहे, म्हणजे माझ्यावर ते काम नाही. दोघी काय बोलतात याकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

एका दुपारी असाच जेवून भिंतीला टेकलो होतो. स्वयंपाकघरातून सुनीताचा आवाज आला. "मंगल, काय सांगू तुला. ढकलून ढकलून दमले मी. ठोकळा जागचा हलंना. नुसता भिंतीला टेकून बसलाय."

मी डोळे उघडले. भिंतीला टेकून घरात दुसरं कोण बसलं होतं? मी एकटाच होतो. मी हळूच भिंतीपासून थोडा पुढं सरकलो.

आता आमच्याकडं ठोकळा कोणाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. जो बसला की उठत नाही, बोललं तर बोलत नाही, त्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाईट वाटायला नको होतं. पण वाटलं. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच कान देऊन पडलो. तर ती म्हणत होती, "त्याच्यावर डोकं आपटावं तवा कुटं एखादी वस्तू देतो. एकदा दिली की संपलं. मग कितीबी आपटा, रिकामाच. रंगसुदा उडतो त्याचा." मी उठून आरशात पाहिलं. रंग उडालेला होता.

खरं सांगतो, त्या दिवशी मी झोपलो नाही. मिक्सर बिघडला तेव्हा तिनं किती वेळा सांगितल्यावर मी नवा आणला ते आठवलं. त्यानंतर काय आणलं, ते आठवेना. म्हणून संध्याकाळी अंगात नसलेलं बळ आणून बाजारात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं साडी घेतली. दुकानदारानं दहा रंग दाखवले, तो अकरावा काढायच्या आत मी थकलो आणि हातात होती ती घेतली. घरी येऊन सुनीतापुढं ठेवली. ती म्हणाली, या रंगाची आहे माझ्याकडं, पण असू दे, फॉल लावून ठेवते. आणि पुन्हा मशीनवर बसली. का आणली, कशाला आणली, काही नाही.

मला वाटलं, जखम खोल आहे.

मग तिसरं ऐकू आलं. "भरवशाचा न्हाई गं. पाय ठिवला की थरथरतो आन् खाली ढासळतो. त्याच्यावर उभंच ऱ्हाता येत न्हाई." भरवसा! तिच्या शिलाई मशीनची मोटर दुरुस्तीला नेतो, नेतो म्हणून मी बरेच महिने घालवले होते. दुसऱ्या दिवशी तिला न विचारता मोटर सोडवली आणि कामावर जाताना दुकानात टाकून दिली. दुपारी परत आलो तर सुनीता कपाळाला हात लावून बसलेली. लग्नघरचे ब्लाउज त्याच दिवशी द्यायचे होते. मोटर हळू चालत होती, पण चालत होती, असं ती म्हणाली. मग मीच पुन्हा दुकानात गेलो, उघडून ठेवलेली मोटर तशीच पिशवीत घालून आणली. आता ती चालत नव्हती.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की बायकोला. विचारणार काय? मी ठोकळा आहे का, असं? आणि ती हो म्हणाली तर?

शिवाय अजून थोडी शंका होती. म्हटलं, आपण अर्धवट झोपेत ऐकतो, दुसऱ्या कोणाबद्दल बोलणं असेल. ती शंका चौथ्या फोनला फिटली. सुनीता मंगलला विचारत होती, "आन् तुझ्याकडचा कसा हाय?" पलीकडून मंगल काहीतरी बोलली. त्यावर सुनीता म्हणाली, "आसतो पन दिसत न्हाई? आगं बाई. मग तो हाय हे कळतं कसं?"

मंगलचा नवरा, म्हणजे माझा साडू, वाशी मार्केटला कांद्याचा टेम्पो नेतो. महिन्यातले निम्मे दिवस घरी नसतो. असतो पण दिसत नाही! याहून नेमकं वर्णन त्याचं कोणी केलं नसेल. दोघी बहिणी आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलत होत्या, यात आता मला तिळमात्र शंका उरली नाही. उलट साडूबद्दल थोडा आपलेपणा वाटला. दोघं एकाच नावेत.

आणि मग ते वाक्य आलं. ते ऐकून मी चटईवर उठून बसलो. सुनीता अगदी शांतपणे म्हणाली, "उद्या फोडूनच टाकते त्याला. हातोडा घावलाय. तो बाजूला झाला की वाट मोकळी. मागं दार आसनार, बघ तू."

हातोडा आमच्या घरी होता. माळ्यावर. मी तो काढून गाडीच्या डिकीत ठेवला. जिवाची भीती वाटली असं नाही हो, सुनीता मुंगी मारत नाही. पण 'वाट मोकळी' हे शब्द डोक्यातून जाईनात. बाई घर सोडून निघाली, असाच मी त्याचा अर्थ लावला. कुठं जाणार? काष्टीला. मग मी दुपारी कोणत्या घरी येऊन भिंतीला टेकायचं?

आमच्या सेंटरवर बबनराव म्हणून थोरले सहकारी आहेत. मूळचे कोल्हारचे. भावकीतली भांडणं मिटवायला त्यांना बोलावतात आणि ते जातात, कारण तिथं चहा मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन उतरवता उतरवता मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, आज दुपारी मी येतो. असली गोष्ट तिसऱ्या माणसानं बोललेली बरी असते.

दुपारी त्यांना मागं बसवून घरी आणलं. सुनीताला आश्चर्य वाटलं, पण तिनं चहा टाकला. बबनरावांनी चहा पूर्ण पिऊन घेतला, बशी खाली ठेवली, टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी काढली म्हणजे ते न्यायनिवाड्याला बसले असं समजायचं. मी नेहमीच्या भिंतीपासून जरा लांब, कॉटच्या कडेवर बसलो होतो.

"वहिनी," बबनराव म्हणाले, "चूक कोणाकडून होत नाही? पण म्हणून एकदम फोडायचं का?"

सुनीतानं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ती जरा लाजल्यासारखी झाली. "तुमाला कोनी सांगितलं?"

"कळतं आम्हाला. म्हणून तर आलो. म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही."

"गेली की," सुनीता म्हणाली. "सकाळीच फोडला मी. एका दणक्यात."

बबनरावांनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी अखंड होतो. पंचायतीत असा प्रसंग त्यांच्यावर आलेला नसावा.

सुनीताच पुढं बोलायला लागली. तिला कोणीतरी विचारलं याचा आनंद झालेला दिसत होता. म्हणाली, एवढा आटापिटा करून फोडला, पण मागं दार नव्हतंच. नुसती एक पेटी, तिच्यात औषधाची बाटली. हातोडा फुकट गेला. तो एकदाच वापरता येतो, आता दुसरा मिळेपर्यंत पुढं जाता यायचं नाही.

"पुढं म्हणजे कुठं, वहिनी?" बबनरावांनी अगदी जपून विचारलं.

"किल्ल्यात."

मग तिनं मशीनच्या खणातून मुलाचा जुना टॅब काढला. तो टॅब घरात आहे हे मला माहीत होतं. त्यावर ती ब्लाउजच्या गळ्याचे व्हिडिओ बघते, अशी माझी समजूत होती. तिनं तो चालू करून बबनरावांच्या हातात दिला.

तो गेम होता. एक छोटीशी बाई हातात कंदील घेऊन पडक्या किल्ल्यात हिंडत होती. आणि त्या किल्ल्यात जिकडं तिकडं ठोकळे. सुनीता एकेक दाखवायला लागली. हा दगडी, हा ढकलायचा, पण भिंतीला टेकला की संपलं, कारण ओढता येत नाही. हा चमकणारा, याच्याखाली उडी मारून डोकं आपटलं की वस्तू पडते, मग तो करडा होतो आणि रिकामा राहतो. हा तडा गेलेला, याच्यावर पाय ठेवला की थरथरून पडतो, पटकन पुढं उडी मारायची. एक जातच अशी की दिसत नाही, हवेत उडी मारली की डोक्याला लागतो तेव्हा कळतं. मंगल चार दिवस तिथं अडकली होती. तिच्या मुलीनं दोघींना हा गेम टाकून दिला, तेव्हापासून दुपारी फोनवर त्या एकमेकींना वाट सांगत होत्या.

तिचा चेहरा असा फुललेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता. साडी आणली तेव्हाही असा फुलला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

बबनरावांनी टोपी पुन्हा घातली. निवाडा संपला. पण टॅब काही त्यांनी खाली ठेवला नाही. बोटानं त्या बाईला पुढं पळवलं, ती पहिल्याच तड्याच्या ठोकळ्यावरून खाली पडली. ते म्हणाले, असं कसं पडली, आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाले.

सुनीता मला म्हणाली, "पन यांना घिऊन का आलात तुमी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. भिंत, आरसा, साडी, मोटर, डिकीतला हातोडा. ती ऐकत गेली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. गोष्ट मोटरपाशी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, म्हणून केलंत होय ते. बबनराव मात्र मधे एकदा हुंदका दिल्यासारखे हसले, पण ती बाई पुन्हा पडली म्हणून हसले असं त्यांनी सांगितलं.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आठवडाभर पाठीवर दुधाचा कॅन घेऊन हिंडत होतो, तो कोणीतरी उतरवून घेतला. बायको निघून जाणार नव्हती. मला ठोकळा म्हणत नव्हती. संसार जागच्या जागी होता. इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता, उठून हातोडा माळ्यावर ठेवून आला असता.

पण माणसाला हलकं वाटलं की त्याची जीभ सुटते. मी जरा ऐटीतच भिंतीला टेकलो आणि विचारलं, "मग माझ्याबद्दल काय बोलता गं तुम्ही दोघी?"

सुनीता विचारात पडली. खरोखर विचारात पडली. छताकडं पाहिलं, बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवला, पुन्हा गुंडाळला.

"तुमच्याबद्दल?" ती म्हणाली. "न्हाई बा. तसा तुमचा विषय कदी निघाला न्हाई."

बबनरावांचा गेम थांबला. मला वाटतं तिला माझी दया आली असावी, कारण ती अजून थोडं आठवत राहिली आणि मग तिचा चेहरा उजळला.

"थांबा, एकदा निघाल्ता," ती म्हणाली. "मंगलनी इचारलं हुतं, मागं मोटर चालू हाय का कोनी घोरतंय?"