ठेकेदाराचा माणूस

करिष्मा रामटेकेचा स्वभाव शांत आहे, असं म्हणणारा माणूस अख्ख्या भिलाईत शोधून सापडायचा नाही. पण तिचं कामच डोकं फिरवणारं. भिलाई-३जवळच्या एका खाजगी कारखान्याच्या यार्डात कुठलं इंजिन कधी कोणते डबे ओढेल, हे आता कॉम्प्युटर ठरवणार होता आणि इंजिनं चालवणारही तोच. त्याचा बेत कुठल्याही वाटेनं गेला तरी माणूस चिरडला जाणार नाही, हे गणितानं सिद्ध करायचं काम हिचं. चार वेळा चालवून बघितलं आणि झालं, असलं तिच्याकडे खपत नाही.

सोमवारी यंत्रणा सुरू व्हायची होती आणि शनिवारी निकाल आला: अपघात अशक्य. तिचे वरिष्ठ कौस्तुभ सर, त्यांनी लगेच जिलेबी मागवली. एवढं सरळ काही झालं की करिष्माला संशयच येतो. तिनं सरांनी कॉम्प्युटरवर बनवलेलं यार्डाचं मॉडेल उघडलं आणि कपाळावर हात मारला. त्यात एकही डबा जागचा हलतच नव्हता. डबे जोडणाऱ्यानं झेंडी दाखवल्याशिवाय इंजिन हलवायचं नाही, हा नियम होता. डबे जोडणारा तेजराम मात्र त्यात नव्हताच, मग झेंडी दाखवणार कोण?

"तेजराम कुठी आहे यात, सर?"

"तो ठेकेदाराचा माणूस. आपल्या स्टाफमध्ये येत नाही, म्हणून घेतला नाही."

धन्य ते सर. ज्याचा जीव वाचवायचा, त्यालाच गाळून मोकळे. तिनं तेजरामला मॉडेलमध्ये घातलं. डबे हलले, आणि तो दोन डब्यांच्या मधे असतानाच या टोकाच्या इंजिनाला दाखवलेली झेंडी आपलीच समजून दुसऱ्या टोकाचं इंजिन येऊन धडकलं.

"त्याले टाकलं की फेल होते, तर कावून टाकून राहिली तू?" सर वैतागले. "सोमवारी मोठे साहेब येऊन राहिले."

"मग सोमवारी त्याच्या जागी तुमी उभे राहा."

कार्यक्रम रद्द झाला. खापर अर्थातच करिष्माच्या डोक्यावर फुटलं.

मंगळवारी यार्डात खुद्द तेजरामनंच तिला गाठलं. "मॅडम, तुमच्या कामात गडबड झाली म्हणे? कॉम्प्युटर आला असता तर आमाले जरा आराम भेटला असता."

तोंडाशी आलेली शिवी तिनं गिळली. "दुसरं इंजिन येते तेव्हा तुमी कुठी असता?"

"मधातच. मी ओरडतो, ड्रायव्हर थांबते."

"रोज?"

"रोजच."

"कॉम्प्युटरले ओरडणं ऐकू येत नाही, भाऊ," ती म्हणाली.