सहा जणींचं बिल

पट्टीताईचं खरं नाव बाइंडिंगच्या कारखान्यातल्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एरवी ती सगळ्यांची पट्टीताई. अॅप्रनच्या खिशात लाकडी फूटपट्टी असायची आणि दुमडलेल्या कागदाची कड केसभर जरी सरकलेली दिसली, तरी ती बाहेर यायची. छापून आलेला मोठा कागद तीनदा दुमडायचा म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे दीडेक हजार फर्मे ती दिवसाला दुमडायची आणि संध्याकाळी पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते मालकालाही सांगता यायचं नाही.

शाळेत तिचं कशातच धड नव्हतं. कविता पाठ व्हायची नाही, नकाशे उलटे यायचे. फक्त भागाकार असा सुटायचा की मास्तर म्हणायचे, "हिला बाकी उरलेली बघवत नाही." शाळा आठवीत सुटली, बाकी न बघवण्याची खोड तेवढी राहिली.

कारखाना म्हणजे लाकडाच्या वखारीवरची एक लांबलचक खोली. खालून ताज्या कापलेल्या लाकडाचा वास यायचा, वर शेगडीवर खळ रटरटत असायची. मधोमध एकच टेबल, त्याच्याभोवती सहा जणी. मावशी सगळ्यांत मोठी, ती फर्मे शिवायची. दोघी जावा पानं जुळवायच्या. एका घरात दिल्या होत्या, एका कारखान्यात लागल्या होत्या आणि दिवसभर एकमेकींच्या नावानं खडे फोडत एकाच डब्यातून जेवायच्या. कडा कापायच्या मोठ्या यंत्रावर कटरबाई. तिचा आवाज यंत्रापेक्षा मोठा आणि मन आवाजापेक्षा. पट्टीताईची ती जिवाभावाची मैत्रीण. आणि शेगडीपाशी, खळ ढवळत, नवी. नवरा गेल्यावर दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू पदरात घेऊन ती कामाला आली. तिच्यानंतर कारखान्यात कुणी लागलंच नाही, म्हणून पुढे अठरा वर्षं ती नवीच राहिली.

पगाराच्या शनिवारी अर्धा दिवस. त्या दुपारी सहाही जणी हात धुऊन समोरच्या काचेच्या दाराच्या हॉटेलात जायच्या. खिडकीजवळचं गोल टेबल त्यांचं. महिनाभरात तेवढंच एक जेवण असं होतं, की जे त्यांच्यापैकी कुणी रांधलेलं नसायचं. बिल आलं की कटरबाई ते वर धरायची आणि गर्जायची, "भागिले सहा! काढा गं पैसे!" आणि विषय संपायचा.

नवी आली त्या महिन्यात तिनं सूप आणि पाव घेतला. कटरबाईनं तळलेला मासा, भात, वर आइस्क्रीम, त्यावर कॉफी. जावांनी एकच ताट मागवून दोघींत खाल्लं. भागिले सहा. नवीनं पाकीट उघडलं आणि तळाची नाणी बोटांनी चाचपत हिस्सा भरला. पुढच्या महिन्यातही तसंच. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "माझं पोट बरं नाही. तुम्ही जाऊन या."

पट्टीताई अर्ध्या रस्त्यातून छत्री घ्यायला परत आली, तर नवी शेगडीपाशी बसून डब्यातला पाव चांगला चवीनं खात होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आता बरं वाटतंय का?" पट्टीताईनं विचारलं.

"हो. थोडं."

छत्री घेऊन पट्टीताई जिना उतरली आणि उतरता उतरता मनात हिशेब झाला. नवी दोन महिने सुपाच्या तिप्पट पैसे भरत होती. म्हणजे कटरबाईचं आइस्क्रीम नवी भरत होती. आणि आपलाही अर्धा मासा. त्या दुपारी पट्टीताईनंही सूपच मागवलं.

पुढच्या पगाराला तिनं कटरखाली पडलेल्या कागदाच्या चिंध्यांतली एक लांब पट्टी उचलून आणली. पेन्सिलीनं सहा रकाने पाडले. कुणी काय खाल्लं ते जिच्या तिच्या रकान्यात, मधे ठेवलेले बटाटे सहा जणींत, जावांचं ताट दोघींत. मग उभी राहून तिनं एकेकीचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. लपवाछपवी नको, ज्याचं त्याला पटलं पाहिजे. नवीचा आकडा ऐकून जावांनी एकमेकींकडे बघितलं आणि इतके दिवस आपल्या हे लक्षात आलं नाही म्हणून जरा ओशाळल्या. हॉटेलचा मालक गल्ल्यामागून म्हणाला, "बाई, दुमडायचं काम सोडा आणि माझ्या गल्ल्यावर बसा!"

नवी पुन्हा दर महिन्याला येऊ लागली. पट्टीताईचं तर प्रस्थच झालं. एकदा शेजारच्या टेबलावर चार कारकुनांची बिलावरून जुंपली, तेव्हा मालकानं त्यांना सरळ हिच्याकडे पाठवलं. हिनं त्यांचं बिल सोडवलं आणि त्यांनी तिला कॉफी पाजली. "वकिलाची फी," कटरबाई म्हणाली आणि अर्धी कॉफी स्वतःच प्यायली.

तीनेक वर्षं असं सुरळीत चाललं. मग ती माशाची भानगड झाली.

कटरबाईला भाचा झाला होता. सख्खा नाही, चुलत. पण तिला आनंद करायला निमित्त लागायचं नाही. तिनं मोठ्ठं ताट भरून तळलेला मासा मागवला आणि उठून स्वतःच्या हातानं एकेकीच्या पानात वाढला. नवी नको नको म्हणत होती तर दोन तुकडे जास्त. सगळ्या पोट धरून हसल्या, जेवल्या. बिल आलं. पट्टीताईनं तुकडे मोजले होते. एकूण वीस. ती उभी राहिली आणि वाचू लागली, "मावशी, मासा तीन. नवी, मासा पाच..."

"मी मागवला नव्हता," नवी हळूच म्हणाली आणि पाकीट काढलं.

कटरबाईची खुर्ची मागे सरकली. "अगं, मी प्रेमानं वाढला तिच्या पानात, आणि तू त्याचा भागाकार करतेस? आम्ही इथे जेवतोय की तुझं गणित सोडवतोय?"

"मग कुणाच्या नावावर लिहू? तूच सांग. ज्यानं खाल्लं त्यानं द्यायचं, हे ठरलंय ना आपलं?"

"घाल चुलीत तुझं ठरलेलं!" कटरबाईनं सगळ्या माशाचे पैसे टेबलावर आपटले आणि दार असं ओढलं की काच थरथरली.

दीड महिना दोघी बोलल्या नाहीत. चार हातांवर उभ्या राहून एकीनं म्हणायचं, "मावशी, तिला सांगा, फर्मे तयार आहेत," आणि दुसरीनं म्हणायचं, "मावशी, विचारा तिला, मला काय डोळे नाहीत?" शेवटी मावशीनं सुई टेबलात रोवली. "मी इथे शिवायला येते. तारा पोचवायला नाही."

पुढचा पगाराचा शनिवार कुणी हॉटेलचं नाव न काढताच गेला. पट्टीताईला वाटत होतं, आपण खरे आहोत आणि तरी आपल्यालाच का टोचतंय. दोनेक आठवड्यांनी एकदा खळीचं जड पातेलं उतरवायला नवीला हात लावताना तिनं विचारलं, "तुझ्यासाठीच तर केलं होतं गं मी हे सगळं. तुला तरी पटतं ना?"

नवीनं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले. ती फार बोलणारी नव्हती. "ताई, माझा आकडा कमी असतो याचं मला काही नाही. मी खातेच कमी. पण तुम्ही तो मोठ्यानं वाचता ना... सगळं हॉटेल ऐकतं."

तीन वर्षं जे पट्टीताई अभिमानानं, उभं राहून करत होती, तेच नेमकं. घरी जाऊन ती नुसती बसून राहिली. भावानं विचारलं, बरं नाही का, तर म्हणाली, "गणित चुकलंय." भावाला वाटलं, पगारात काही घोळ आहे.

दुसऱ्या दिवशी ती सरळ कटर चालू असतानाच कटरबाईपुढे जाऊन उभी राहिली. "मासा तुझा होता. माझं चुकलं."

कटरबाईनं यंत्र बंद केलं. "मासा सहा जणींचा होता, खुळे. म्हणून तर भांडले." आणि खळीनं, शाईनं, धुळीनं माखलेल्या तशाच हातांनी तिनं पट्टीताईला मिठी मारली. त्या अॅप्रनवरचे डाग नंतर कधी गेले नाहीत.

त्यानंतर नवा कायदा झाला. आग्रहानं वाढलेलं ते आग्रह करणारीच्या नावावर. कटरबाईचा आकडा एकदम चढला. दोन महिने तिनं हात आवरला, तिसऱ्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि आकडे वाचणं बंद. पट्टीताई सहा चिठ्ठ्या करायची, प्रत्येकीवर तिचा तिचा आकडा, आणि फर्म्यासारख्या घट्ट दुमडून हातात द्यायची. जिनं तिनं चिठ्ठीत पैसे गुंडाळून परत करायचे. कुणी किती दिले ते फक्त पट्टीताईला ठाऊक.

हे गुपित हातात आलं आणि जन्मात पहिल्यांदा तिला लबाडी सुचली. नवीची सासू त्या हिवाळ्यात फार आजारी होती, औषधांना पैसे पुरत नव्हते. पट्टीताईनं नवीच्या चिठ्ठीवर थोडा कमी आकडा लिहिला आणि फरक स्वतःच्या चिठ्ठीत घातला. चिठ्ठी परत आली. उघडून बघते तर पैसे बरोब्बर. लिहिलेल्याप्रमाणे नाही, खाल्लेल्याप्रमाणे. पुढच्या महिन्यात तिनं आणखी कमी लिहिलं. नवीनं पुन्हा बरोबर तेवढेच दिले. कुणी कुणाला चकार शब्द बोललं नाही. चार महिने हे असं चाललं, आणि शेवटी पट्टीताईनं हार खाल्ली. पाचव्या महिन्यात तिनं खरा आकडा लिहिला. नवीनं चिठ्ठी उलगडली, वाचली, मान वर केली आणि टेबलापलीकडून तिच्याकडे बघून हसली. सासू गेली त्या आठवड्यातही ती आली होती आणि सूपच घेतलं होतं.

वर्षं गेली. जावा भांडत राहिल्या, मावशीला दोरा ओवायला दिसेना म्हणून बाकीच्या जणी तिच्या सुया सकाळीच ओवून ठेवू लागल्या. एका शनिवारी नवी जेवायला बसली आणि कुणी काही म्हणायच्या आत वेटरला म्हणाली, "तळलेला मासा. मोठं ताट." तिची थोरली मुलगी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती, पहिला पगार झाला होता. नवी उठली आणि एकेकीच्या पानात वाढू लागली. कटरबाईला वाढताना तर तिनं पातळ आवाजात तिचीच नक्कल केली, "खा गं, लाजतेस काय!" कटरबाई हसता हसता रडायला लागली.

मग बिल आलं. पट्टीताईची पेन्सिल थांबली. एवढा मासा एकटीच्या नावावर! सहानं भागला तर कुणाला कळणारही नव्हतं. तिनं नवीकडे बघितलं. नवी ताठ बसली होती, दोन्ही हात टेबलावर. पट्टीताईनं सगळा मासा, शेवटच्या तुकड्यापर्यंत, नवीच्या चिठ्ठीवर लिहिला, चारदा दुमडली आणि तिच्या हातात ठेवली. इतका बरोबर आकडा आपण आयुष्यात लिहिला नाही, असं तिला वाटलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मालकानं यंत्र आणलं. ते दुमडायचं, जुळवायचं, शिवायचं आणि डिंकही लावायचं. मालक वाईट नव्हता. त्यानं दोन महिन्यांचा पगार जास्त दिला आणि देताना त्याला वर बघवलं नाही. मावशी म्हणाली, "बरं झालं, डोळे वाचले." पण जिना उतरताना कठडा धरून मधेच थांबली आणि बराच वेळ वखारीचा वास घेत उभी राहिली.

आता मावशी नाही. थोरली जाऊ गेली. धाकटीला म्हणे भांडायला कुणी नाही म्हणून करमत नाही. कटरबाई मुलाकडे लांबच्या गावी असते आणि रविवारी फोन करते. तिचा फोन उचलायला पट्टीताईला चष्मा लागतो, पण तिचा आवाज ऐकायला कानाचं यंत्र लागत नाही, असं पुतणी म्हणते. पट्टीताई या पुतणीच्याच घरी राहते. घरातले टॉवेल अजून कडेला कड लावून दुमडते, आणि पुतणीनं दुमडलेले पुन्हा उलगडून दुमडते.

नवी मात्र येते. महिन्यातून एखाद्या शनिवारी, बस बदलून. दोघी कोपऱ्यावरच्या लहानशा हॉटेलात जातात. पट्टीताईला दात नाहीत म्हणून तीच आता सूप घेते, आणि नवी चिडवते, "ताई, एवढंच? पोट बरं नाही का?" बिल आलं की दोघींची ओढाताण होते. नवीचे गुडघे बरे आहेत, ती आधी उठते, त्यामुळे बहुधा तीच देते.

परतताना पट्टीताई हळूहळू चालते, नवीच्या दंडाला धरून. एकदा ती म्हणाली, "दोघींत मजा नाही गं. दोननं भागायला डोकं कुठे लागतं?"

"तर काय," नवी म्हणाली. "त्या वेळी जावांच्या एका ताटाचं तुम्ही काय करायचात, मला अजून कळलेलं नाही."

मग नवीच्या बसथांब्यावर उभं राहून पट्टीताईनं तिला ते सविस्तर समजावून सांगितलं. बस दोनदा येऊन गेली.