काळवंडलेला स्फटिक

प्रयोगशाळेतल्या माधुरीताईंनी गॅमा किरणांच्या पेटीतून क्वार्ट्झचे दोन स्फटिक काढून माझ्या तळहातावर ठेवले. आत ठेवताना दोन्ही पाण्यासारखे नितळ होते. आता एक तसाच होता आणि दुसरा धूर कोंडल्यासारखा काळवंडला होता.

"किरणं दोघांना सारखीच मिळाली," ताई म्हणाल्या. "पण ह्याच्यात आधीपासून ॲल्युमिनियमचा अंश होता."

म्हणजे ते काळेपण जन्मापासून आत दबा धरून बसलं होतं.

आम्ही दोघी छातीवर किरणं मोजणारा बिल्ला लावतो. तपासणीत दोघींचे आकडे सारखेच कमी आले की निर्धास्तपणे चहाला जातो. आज चहा घेताना ताई मला निरखत होत्या आणि मी त्यांना. अजून तरी दोघी नितळच दिसत होतो.