घुग्घुसची पायरीवाली गाडी

धानोऱ्याची सकाळची एसटी फलाटाला लागली आणि कंडक्टर म्हणाला, "बाबा, घाई करा." मी म्हटलं, घाई असती तर सायकलनं गेलो असतो. माझ्या बायकोच्या, पारबताच्या, बगलेत हात घालून तिला वर घेतलं. खुबा मोडल्यापासून ती अशीच एसटीत चढते. चढते कसली, चढवली जाते, आणि त्या वेळी डोळे मिटून घेते. दुखतं म्हणून नाही, लोक बघतात म्हणून. आधी हीच बाई पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायला मोहाखाली पोचायची आणि मी मागून जायचो. आता दवाखान्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिला आपल्या पायानं चढता येईल अशी गाडी घ्यायला आम्ही दोघं निघालो होतो.

माझं शिक्षण चौथी. पण निम्मं आयुष्य बांबूचा ट्रक चालवला आहे, तेव्हा गाडीतलं मला कोणी शिकवू नये. तरी आमचे जावईबापू नागपूरहून फोनवर शिकवत होते. सर्व्हिसिंगचं पुस्तक पुरं भरलेलं असेल तरच गाडी घ्या, मधली वर्षं कोरी असतील तर हात लावू नका. मी विचारलं, मी इतके बैल घेतले, कोणत्या बैलाचं पुस्तक होतं?

बैलाचं निघालं म्हणून सांगतो. आमच्या झाडीपट्टीत (धानाच्या आमच्या मुलखात) बैल विकणारा दावं देत नाही. दावं त्याच्या गोठ्यात राहतं, म्हणजे घरची लक्ष्मी घरात राहते. घेणाऱ्यानं आपलं दावं न्यायचं. मी अंबाडीच्या वाखाचं नवं दावं वळून पिशवीत टाकलं होतं. गाडीला दावं काऊन, असं पारबतानं विचारलं. मी म्हटलं, किल्ली कशात बांधू?

गडचिरोली मागे पडली, व्याहाडजवळ वैनगंगा लागली. पात्रात पाणी कमी, वाळू जास्त. मूलला उतरलोच नाही, कारण उतरवणं आणि पुन्हा चढवणं आलं असतं. खिडकीतून आलूबोंडे घेतले. मूलच्या पुढे जंगल लागलं. सागाची पानं गळून गेलेली, पळस पेटलेला, आणि उघड्या काचेतून मोहाचा गोड वास आत आला. पारबतानं चेहरा तिकडे केला तो चंद्रपूर येईपर्यंत वळवला नाही.

चंद्रपुरात साळीकडे, पारबताच्या बहिणीकडे, मुक्काम होता. संध्याकाळी एक गाडी पाहिली. बुटकी, चकचकीत, पुस्तक पहिल्या पानापासून शिक्क्यांनी भरलेलं. पारबता आत सहज बसली. पण उठता येईना. गुडघे छातीशी आलेले, आणि मी एका बाजूनं, गाडीचा मालक दुसऱ्या बाजूनं ओढतोय. ती बाहेर आली आणि म्हणाली, "हे तं विहीर हाय."

दुसऱ्या दिवशी घुग्घुसला गेलो. तिथली धूळ काळी असते. कोळशाचे ट्रक आणि खाणीतली पाळी सुटलेल्यांच्या मोटारसायकली यांच्यामधून ऑटोवाल्यानं आम्हाला सलीमभाईच्या गॅरेजसमोर सोडलं. सलीमभाई पन्नाशीचा, हातापायानं आडदांड, आवाज मात्र हळू. विकायची गाडी त्याची स्वतःचीच होती. पांढरी, सात माणसांची, उंच. आमच्या रस्त्याला तशीच लागते. मी इंजिन सुरू करून कान लावला. आवाज निरोगी होता. मग पुस्तक मागितलं. पहिली पानं भरलेली, नंतरची कोरीच. ही वर्षं कुठे गेली विचारलं, तर म्हणाला, गाडी घरीच सांभाळली.

एवढ्यानं माझं समाधान होत नाही. मी खाली बसून दाराखालून बोट फिरवलं. चार भोकं बुजवलेली लागली, वरून रंग मारलेला. म्हटलं, सापडलं.

"ठोकली होती काय गा गाडी?"

"नाई भाऊ. ठोकली नाई."

"मंग हे भोकं काहाची? चार पोरांचा बाप हाय मी, मले बनवू नको."

तो घरात गेला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. लोखंडी पायरी होती. रुंद, वरून रबर चिकटवलेलं, कडा घासून गोल केलेल्या. त्याच्या अम्मीला संधिवात होता. तिच्यासाठी त्यानं ही पायरी स्वतः बनवून दाराखाली बसवली होती. कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी सांगितलं, ही काढा, नाहीतर आम्ही गाडी हातात घेत नाही. हा म्हणाला, मग तुम्ही गाडीच नका घेऊ. त्या दिवसापासून पुस्तक कोरं राहिलं. ती सगळी वर्षं गाडी अम्मीला घेऊन फिरली. गेल्या पावसाळ्यात अम्मी गेली. गिऱ्हाईक पायरी पाहून नाक मुरडायचे, म्हणून त्यानं ती काढून घरात ठेवली.

मला उगाच थोरपण दाखवायची सवय. म्हटलं, असंच असते, आमच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाई, ते घरीच ठेवतात. पिशवीतलं दावं काढून दाखवलंसुद्धा.

सलीमभाईनं ते हातात घेऊन पाहिलं. म्हणाला, "फिर तं बराबर हाय भाऊ. गाडी तुमची, पायरी माझी. हे माझं दावं हाय."

मी माझ्याच दाव्यानं बांधला गेलो. पायरी माग असं मन म्हणत होतं, पण बोललेला शब्द गिळणं मला या वयात जमत नाही. म्हटलं, ठीक हाय. पारबतानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला मी चाळीस वर्षं भितो.

ती काठी टेकत गाडीपाशी गेली. मी हात द्यायला पुढे झालो तर म्हणाली, "तुमी राहा तिथंच." उजव्या हातानं वरची दांडी धरली, डावा तळवा सीटवर दाबला, आणि एक पाय उचलला. पाय पुरला नाही. पुन्हा उचलला. कपाळ दाराला टेकवून ती तशीच उभी राहिली. डोळे मिटलेले.

सलीमभाईच्या हातातला गोणपाट खाली पडला.

"अम्मी असंच डोकं टेकवे," तो म्हणाला. आणि पाना घ्यायला गेला.

भोकांत भरलेली पुट्टी खरवडून त्यानं चार बोल्ट बसवले. पायरीवर आधी स्वतः उभा राहून उड्या मारून पाहिल्या. मग बाजूला झाला. पारबतानं पायरीवर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि वळून सीटवर बसली. पदर नीट केला आणि समोर पाहत राहिली, जसं काही रोजचंच आहे.

भाव, सह्या सगळं झालं. सलीमभाईच्या बायकोनं आग्रहानं डाळ-भात आणि आंब्याचं लोणचं वाढलं. निघताना मी दावं काढलं आणि सलीमभाईच्या हातात दिलं. म्हटलं, तुझं दावं तं मी घेऊन चाललो, मंग माझं तुझ्या घरी राहू दे. खुंटी रिकामी ठेवू नये माणसानं. त्यानं ते डोळ्याला लावलं, आणि लगेच पाठ फिरवून टायरची हवा बघू लागला. हवा तर त्यानं आधीच बघितली होती.

परतताना मूलच्या जंगलात गाडी तापली. मी मनात म्हटलं, जावईबापूंना हे कळता कामा नये. बॉनेट उघडलं. पट्टा सैल झाला होता. तो ताणून बसवला, थंड झाल्यावर पाणी घातलं आणि बॉनेट लावलं. पाहतो तर सीट रिकामी.

वाघाचं रान ते. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती दिसली. रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली. सकाळी वेचणारे येऊन गेलेले, तरी पाचोळ्यात पिवळी फुलं होती. तिनं मला हाक मारली नव्हती, हात मागितला नव्हता. दार उघडून आपली आपण उतरून गेली होती.

"सांगून जाता येत नाई काय?" मी रागावलो.

"काऊन सांगू? आपल्या पायानं आलो."

तिला वाकता येत नव्हतं. म्हणून ती पदर धरून उभी राहिली आणि मी फुलं वेचून वेचून पदरात टाकली. ती वरून सांगत होती, ते नाई, ते सडलं हाय, ते घ्या. मी ऐकत होतो. आयुष्यभर इतका वेळ मी कोणाचं ऐकलं नाही.

दिवेलागणीला धानोऱ्यात पोचलो. शेजारी जमले. मी तिच्या बाजूला उभा राहिलो, पण हात मागे बांधून. ती उतरली. घरातून तांब्याभर पाणी मागवून चाकांवर ओतलं, कुंकू लावलं, जसं नव्या बैलाचे पाय धुतात तसं. पायरीलाही लावलं.

जावईबापूंचा फोन आला. पुस्तक अर्धं कोरं आहे ते मी सांगितलं, तर म्हणाले, ती वर्षं कशात गेली विचारलं का? मी म्हटलं, विचारलं, चांगल्या कामात गेली.

किल्लीला बांधायला दावं उरलं नव्हतं. पारबतानं ती पदराच्या गाठीत बांधली, मोहाच्या फुलांशेजारी. तेव्हापासून गाडी काढायची असली की मला आधी तिला विचारावं लागतं. आणि ती म्हणते, थांबा, मी बी येतो.