प्लगवरचं लाल कार्ड

काशिनाथ म्हात्रे आमच्या क्लासात आले की आधी दाराला वीट लावत. पेणची ती खोली एवढीशी. त्यात पाच कॉम्प्युटर, पंखा आणि मी. धूळ नको म्हणून मी दार बंद ठेवायचो आणि हे गृहस्थ ते सताड उघडायचे. "मशीनला धूळ नको हे खरं, मास्तर, पन मानसाला वाट पायजे," म्हणायचे. राहायला जित्याला, नोकरी धाटावच्या केमिकल कंपनीत. शिफ्ट सुटली की रोह्याला गाडी पकडायचे, जागा असली तरी दारातच उभे राहायचे आणि मध्येच पेणला उतरून माझी रडकी मशीनं बघायचे.

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. रसायन ढवळायच्या टाकीत ते साफसफाईला उतरले असताना वर कुणीतरी बटण दाबलं आणि आतलं पातं फिरलं. बाहेर काढेपर्यंत तासभर ते त्या अंधारात अडकून होते. ही हकिगत मला त्यांच्या एका सोबत्यानं सांगितली. स्वतः ते कधी बोलले नाहीत. पुढे कंपनीनं त्यांना कंट्रोल रूममध्ये बसवलं, तिथे ते कॉम्प्युटर शिकले. नोकरीचा विषय निघाला की म्हणत, "सोडून जानार कुठं? शेतात खारं पानी शिरलंय. गेटातनं आत जाताना आजपन धडकी भरते." आणि पुन्हा स्क्रू पिळू लागत.

कंपनीची एक सवय मात्र त्यांनी आमच्याकडे आणली होती. मशीन उघडलं की प्लग काढून त्याला दोऱ्यानं लाल कार्ड बांधायचे: 'काम चालू आहे. स्विच लावू नये. का. म्हात्रे.' ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, हा नियम. "म्हात्रे, या खोक्यात कोण माणूस उतरलाय?" मी एकदा चेष्टेनं विचारलं. ते हसले नाहीत. मी हसलो.

एकदा मी हौसेनं मुंबईहून नवा बोर्ड, मोठी हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह आणला. म्हात्र्यांनी सगळं जुन्या कॅबिनेटमध्ये बसवलं, मग भिंग काढून एसएमपीएसचं लेबल वाचलं. मागच्या कोपऱ्यातला हा पत्र्याचा डबा अख्ख्या मशीनला करंट पुरवतो. त्यांनी कागदावर वॅटची बेरीज केली आणि मान हलवली.

"हा जुना डबा नव्या सामानाला पुरायचा नाय."

"वायर तर बसतेय की."

"वायर बसली म्हंजे ताकद पुरली असं नाय, मास्तर. चालूपन होईल. तेच वाईट."

परीक्षा शनिवारी होती. अलिबागहून परीक्षक येणार होते आणि पाच मशीनं दिसली नाहीत तर आमचं केंद्र जाणार होतं. म्हात्र्यांना रविवारशिवाय सुट्टी नव्हती. रविवारी पनवेलहून नवा एसएमपीएस आणतो म्हणाले, बोर्डाची वायर सुटी ठेवली, कार्ड बांधलं आणि गेले.

शनिवारी सकाळी मी ते कार्ड सोडलं. वायर खोचली, मशीन सुरू झालं, आणि म्हात्रे उगाच बाऊ करतात असं मला वाटलं. अर्ध्या तासात जळका वास आला. डबा गेला, त्याच्यासोबत हार्ड डिस्कही. त्या मशीनवर बसलेली वडखळची मुलगी वेळ संपेपर्यंत काळ्या पडद्यासमोर हात बांधून बसून राहिली. तिची परीक्षा माझ्यामुळे बुडाली.

रविवारी म्हात्रे आले. त्यांनी दाराला वीट लावली, टेबलावर पडलेलं कार्ड पाहिलं.

"कार्ड कोनी काढलं?"

"कुणीतरी पोरानं काढलं असेल," मी म्हणालो. एवढा मोठा मास्तर, पण तोंडातून हेच निघालं.

त्यांनी नवा एसएमपीएस बसवला, मशीन चालू करून दाखवलं, हत्यारं पिशवीत भरली. कार्ड पुसून खिशात ठेवलं.

"टाकीच्या बटनावर होता तोपन हेच म्हनला," ते शांतपणे म्हणाले. "कार्ड दुसऱ्या कुनीतरी काढलं. आठ वर्सं झाली, रोज सोबत जेवतो माज्या."

ते थांबले. माझ्याकडे बघत बराच वेळ थांबले. खरं सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी की-बोर्डवरची धूळ पुसत राहिलो.

मग त्यांनी पायानं वीट बाजूला सारली आणि जाताना दार बाहेरून ओढून घेतलं. पुन्हा ते आले नाहीत. मला त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा गुदमरल्यासारखं झालं, आणि उठून दार उघडायचीही लाज वाटली.