पाठीवरची वळणं

तोमोए शिराकावाचं काम ऐकून तिच्या भावाला हसू यायचं. "म्हणजे दिवसभर पोरींच्या पाठींचे फोटो?"

"तुझ्या तोंडापेक्षा बऱ्या दिसतात," ती म्हणायची.

मात्सुमोतो शहरातल्या आरोग्य तपासणी केंद्राची गाडी घेऊन ती गावोगावच्या शाळांत जाई. चौकटीवर ताणलेली दोऱ्यांची जाळी, बाजूला दिवा, समोर कॅमेरा. मुलगी जाळीकडे पाठ करून उभी राहिली, की दोऱ्या आणि त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून पाठीवर नकाशातल्या डोंगरासारखी वळणं उमटत. दोन्हीकडे सारखी असली तर ठीक. एका बाजूला जास्त भरली, तर कणा वाकतोय असं समजायचं.

तोमोएचा स्वतःचा कणा वाकला होता, पण ते कळलं सोळाव्या वर्षी, आई तिचा किमोनो शिवत असताना कापड एका बाजूला पुरेना तेव्हा. मग शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभर प्लॅस्टरमध्ये पडून राहावं लागलं.

एक्याऐंशीच्या शरदात, सफरचंदांच्या बागांमधल्या एका शाळेत सातवीतली चिनात्सु जाळीपुढे आली. उजव्या बाजूला तीन वळणं जास्त. तोमोएने तिला नीट उभं करून पुन्हा फोटो काढला. पुन्हा तीनच.

तपासणीचे डॉक्टर घाईत होते. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी पोर वीतभर वाढलेली असेल, डॉक्टर. कणा वाढतानाच वाकतो."

शाळेने आईला बोलावलं. हिराबायाशीबाई बागेतून तशाच आल्या, हातमोजेही न काढता.

"पोर पेट्या उचलते माझी! एकदा दुखतंय म्हणाली नाही. तुमच्या दोऱ्याच तिरक्या असतील!"

"असतील," तोमोए म्हणाली. "मग तुम्हीच उभ्या राहा की."

"मी? या वयात?"

पडद्याआड जाऊन, हसत, लाजत बाई उभ्या राहिल्या. कॅमेरा झटपट फोटो देणारा होता, त्यामुळे फोटो लगेच हातात आला. तोमोएने मायलेकींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. आईच्या पाठीवरची वळणं दोन्हीकडे सारखी होती. जाळी तीच, दिवा तोच. बाईंनी लेकीचा फोटो उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "दुखतं का हो हे पुढे?"

"मला दुखलं. हिला दुखणार नाही, आत्ता धरलं तर."

क्ष-किरणात अठ्ठावीस अंशांचा वाक निघाला. तो वाढू नये म्हणून चिनात्सुला बगलेपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा चढला. वर्गात पोरी तिला 'कासवीण' म्हणत. दर शरदात तोमोए आली की ती फुरंगटून विचारायची, "अजून किती?" तोमोए फोटो दाखवून सांगायची, "वाक वाढला नाहीये. बघ, तूच मोज." आणि चिनात्सु बोटाने वळणं मोजायची.

चौथ्या वर्षी तिची उंची वाढायची थांबली आणि डॉक्टरांनी पट्टा उतरवला. त्या दुपारी केंद्रातला फोन वाजला.

"शिराकावाबाई, हिराबायाशी बोलतेय. पोरीला वेड लागलंय हो! तासभर झाला, अंगणात कुत्र्याबरोबर लोळतेय."

"लोळू द्या," तोमोए म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसत राहिली.