उनाचं बोलणं शेडमध्ये निघालं

उना ट्रेवार्था स्वयंपाकघरात असायची आणि तिचा नवरा क्लेम मागच्या शेडमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून, त्यामुळे मला दोघंही दिसायची. क्लेमनं जन्मभर बॉयलरच्या पत्र्यांवर हातोडे मारले. पन्नाशीतच त्याचे कान कामातून गेले. सुरुवातीला उना ओरडून सांगायची. मग घसा दुखायला लागला, तशी जरुरीपुरतंच बोलायला लागली. तो मान डोलवायचा आणि खेकड्यांची जाळी विणायला शेडमध्ये निघून जायचा.

त्र्याऐंशी साली त्यांच्या मुलानं, डॅरिलनं, अ‍ॅडलेडहून कॉम्प्युटर आणून दिला. चर्चमधल्या बायकांचं पाककृतींचं पुस्तक उनानं अंगावर घेतलं होतं, त्यासाठी. प्रिंटर मात्र असा किंचाळायचा की उना म्हणाली, "हा माझ्या घरात नको." डॅरिलनं लांब वायर टाकून तो शेडमध्ये नेऊन ठेवला. क्लेमला त्याचा काय त्रास होणार?

जाताना डॅरिलनं समजावलं, "आई, ही आज्ञा एकचा आकडा घालून दिलीस की पडद्यावर उमटायचं ते सगळं कागदावर जाईल. शून्य घालून दिलीस की परत पडद्यावर."

"म्हणजे तेव्हा पडद्यावर काही दिसणार नाही?"

"नाही."

"मग मी काय लिहितेय ते मला कसं कळायचं?"

"छापताना लिहायचं नसतं गं."

हे उनाला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

एका शनिवारी सकाळी मी झाडाची लिंबं द्यायला गेले, तर उना कोऱ्या पडद्यासमोर बसलेली. पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीची, पाककृती छापायला म्हणून तिनं एकचा आकडा दिला होता, शून्य द्यायचा राहिला होता. तिला वाटत होतं यंत्रच बिघडलं.

"नेस, हे मुकं झालंय बघ. काहीही लिही, नुसतं गिळतंय."

"बंद करून टाक."

"डॅरिल म्हणाला, मधेच बंद केलं तर सगळं पुसलं जातं."

मी चहा ठेवला. उना लिहीत राहिली. लग्नाआधी ती जहाज कंपनीत टायपिस्ट होती, बोटं अजून भराभर चालायची. मधे थांबून तिनं चष्मा पुसला. मला वाटलं, पहिल्यापासून पाककृती लिहितेय.

तेवढ्यात मागचं दार उघडून क्लेम आत आला. जेवणाआधी तो कधी आत यायचा नाही. हातात लांबलचक कागद, खालचं टोक जमिनीवर लोळतंय.

"उना," तो नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला, "हा सिंटॅक्स कोण?"

त्यानं तो टेबलावर पसरला. कागदावर उनाची एकेक ओळ होती, आणि प्रत्येक ओळीखाली यंत्राचं उत्तर.

बटाटा किसायचा नाही, कापायचा. सिंटॅक्स एरर. ऐकतोयस का ठोंब्या? सिंटॅक्स एरर. तूही क्लेमसारखाच. सिंटॅक्स एरर. त्याला दोनदा सांगितलं, छातीत गाठ आहे, अ‍ॅडलेडला जाऊन काढायची आहे. सिंटॅक्स एरर. तर म्हणतो, बरं, येताना गळ घेऊन ये. सिंटॅक्स एरर. मला भीती वाटते. सिंटॅक्स एरर.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?" उनानं विचारलं. त्याला ते ऐकू आलं नाही.

"एरर म्हणजे चूक, एवढं मला कळतं," तो म्हणाला. "तू लिहितेस गाठ आहे, आणि हा खाली म्हणतो चूक आहे. मग खरं काय? आहे की नाही?"

उनानं मान डोलवली. आहे.

क्लेम खुर्चीवर बसला. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं," ती ओरडली. "तू बरं म्हणालास."

"मी सगळ्यालाच बरं म्हणतो गं."

किटली हातात घेऊन मी तशीच उभी. पुढे जावं की घरी जावं, काही सुचेना. मग तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "तू लिही पुढचं. मी तिकडे वाचतो."

"काय लिहू?" उनानं मला विचारलं.

"डॉक्टर काय म्हणाला ते लिही."

ती लिहायला लागली. मी अंगणातून घरी निघाले तेव्हा क्लेम प्रिंटरवर वाकून कागद ओढत होता. थोड्या वेळानं तो प्रश्न विचारायला स्वयंपाकघरात गेला, उत्तर वाचायला शेडमध्ये आला, परत गेला. जेवण त्या दिवशी कुणी केलं की नाही, देव जाणे.

अ‍ॅडलेडला दोघं मिळून गेली. गाठ साधी निघाली. डॅरिल त्यांना घरी सोडायला आला तेव्हा उनानं त्याला विचारलं, मी असं काय चुकीचं लिहिलं होतं?

"काही नाही. तू पाककृती लिहायच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडली होतीस. तुझी प्रत्येक ओळ त्याला आज्ञा वाटत होती. समजली नाही म्हणून एरर."

"म्हणजे त्याला एक शब्दही कळला नाही?"

"नाही."

"तरी दर वेळी उत्तर देत होतं," उना म्हणाली.

पाककृतींचं पुस्तक शेवटी माझ्या हस्ताक्षरात निघालं. उनाच्या यंत्राला क्लेमशी बोलण्यातून सवड होईना.

पुढे एकदा क्लेमनं मला कुंपणाशी गाठलं. "नेस, तो सिंटॅक्स 'चूक, चूक' म्हणत होता ते कुणाला? तिला की मला?"

मी ओरडून ओरडून सांगितलं. त्याला किती ऐकू आलं कोण जाणे. आणि आज्ञा काय, शून्य काय, मलाही त्यातलं अर्धंमुर्धंच कळलं होतं.